हे तुला लागेल

आमची मावशी कुणाकडे रिकाम्या हाताने जात नाही. एका हातात कापडी पिशवी असते, दुसऱ्या हातात दुसरी, आणि तिसरी घेऊन रिक्षावाला मागून जिना चढत असतो. "हे तुला लागेल," असं म्हणतच ती चपला काढते. तिच्या मते मला आजवर लागलेल्या वस्तू अशा: तीन इडलीपात्रं (पैकी एकाची मधली दांडी गायब), पितळी स्टोव्ह, मागचं झाकण नसलेला बंद रेडिओ, काचेच्या चौदा बरण्या, खणांचा गठ्ठा, आणि काकांना ऑफिसच्या निरोपसमारंभात मिळालेला फायबरचा गणपती. तो टाकता येत नाही आणि देव्हाऱ्यात मावत नाही. सध्या तो माझ्या वॉशिंग मशीनवर बसून कपड्यांकडे कृपादृष्टीने बघत असतो.

मावशीचं घर मात्र बघण्यासारखं आहे. हाक मारली तर घुमते. ओट्यावर गॅसची शेगडी सोडून काही दिसत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, ही माणसं उद्या गाव सोडून चालली आहेत.

अशी एक मावशी हल्ली प्रत्येक सोसायटीत असते. ओळखायला सोपी. ती तुमच्याशी बोलताना तुमच्याकडे बघत नाही, तुमच्या डोक्यावरच्या माळ्याकडे बघते. तुम्ही चहा टाकायला वळलात की मागून ड्रॉवर उघडल्याचा आवाज येतो. "हे शेवटचं कधी वापरलंस?" हा तिचा प्रश्न. तुम्ही विचार करायला जेवढा वेळ घ्याल, तेवढ्यात ती वस्तू पिशवीत गेलेली असते.

मावशीला दीक्षा मिळाली २०१९ साली. नेटफ्लिक्सवर मारी कोंडो नावाच्या जपानी बाईंची मालिका आली आणि ती मुलीने लावून दिली. त्या बाई घरातली प्रत्येक वस्तू हातात घ्यायला सांगतात. घेतल्यावर मनात आनंदाची लहर उठली तर ठेवायची, नाहीतर तिचे आभार मानून निरोप द्यायचा. आधी कपडे, मग पुस्तकं, मग कागदपत्रं, मग किडूकमिडूक आणि आठवणींच्या वस्तू सगळ्यात शेवटी, असा क्रमही ठरलेला. मावशीने दुसऱ्याच दिवशी कपड्यांचा ढीग पलंगावर घातला. स्वतःच्या साड्यांना हात लावण्याआधी काकांचं बनियन उचललं आणि त्यांच्यासमोर धरलं. बनियनला पाठीकडून इतकी भोकं होती की पलीकडचं कॅलेंडर दिसत होतं.

"आनंद होतो का?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "आनंदाचं सांगता येत नाही. वारा मात्र छान लागतो."

बनियनचं त्याच दुपारी फडकं झालं. आभार मानल्याचं कुणी ऐकलं नाही.

मावशीचं म्हणणं, यात जपानचं काही नाही. साताऱ्याला त्यांच्या घरी घटस्थापनेआधी 'दसरा काढायचे'. गोधड्या, वाकळा, चादरी सगळं नदीवर धुवायला जायचं, फळीवरचं प्रत्येक भांडं खाली उतरून चिंचेने घासलं जायचं, आणि जुन्यातलं काय ठेवायचं, काय बोहारणीला द्यायचं, हे आजी उंबऱ्यात बसून ठरवायची. फाटक्या लुगड्याची गोधडी, गोधडीचं पायपुसणं, पायपुसण्याचं पोतेरं, अशी एका वस्त्राची चार चार आयुष्यं व्हायची. लक्ष्मीपूजनाच्या रात्री सूप वाजवत अलक्ष्मीला घराबाहेर काढायचं ते वेगळंच. "तिकडे त्याचं पुस्तक झालं," मावशी म्हणते, "इकडे नुसती कंबर दुखली."

२०२३ साली त्या कोंडोबाईंनीच जाहीर सांगून टाकलं की तिसऱ्या मुलानंतर आवराआवरीचा नाद मी बराचसा सोडून दिलाय. ही बातमी मी मुद्दाम फोन करून मावशीला कळवली. मला वाटलं, आता हरते. ती म्हणाली, "तीनच ना? आमच्या आईला सहा होती. तरी दसरा निघायचा."

आता खरं सांगायचं तर आवरण्याने मावशीला गुण आला आहे. बँकेतून निवृत्त झाली त्याच वर्षी मुलगी कॅनडाला गेली. त्यानंतर ती रात्री दोनला उठून बसायची. डोकं भरल्यासारखं वाटतं म्हणायची. काय भरलंय ते सांगता यायचं नाही. एकदा मी मुक्कामाला होते तेव्हा तिची रात्रीची झाकपाक पाहिली. उरलेलं लहान डब्यात काढलं, ओटा पुसला, फडकं पिळून नळावर अगदी सरळ वाळत घातलं, त्याची एक कड खाली आली होती ती वर घेतली. मग दिवा मालवण्याआधी ती त्या रिकाम्या ओट्याकडे नुसती बघत राहिली, एखादी देवळात दोन मिनिटं टेकते तशी. आणि जाऊन झोपली. सकाळी सहापर्यंत घोरत होती. या बाबतीत माझी चेष्टा करायची हिंमत नाही.

तिला शास्त्राचाही आधार सापडला आहे. लॉस एंजेलिसमध्ये तीसेक नोकरदार जोडप्यांना आपापलं घर फिरून दाखवायला सांगितलं होतं. दाखवताना ज्या बायकांच्या तोंडी पसारा आणि अर्धवट राहिलेली कामं यांचीच वर्णनं जास्त आली, त्यांच्या अंगातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, दिवस मावळताना उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. २०१० साली हे छापून आलं. मावशी हे 'माझं कॉर्टिसॉल' अशा थाटात सांगते, जसं कुणी 'माझा गुडघा' म्हणावं. त्याच अभ्यासात नवऱ्यांवर पसाऱ्याचा तसा ठळक परिणाम दिसला नव्हता, एवढा भाग ती गाळते. काकांनी तो शोधून काढला आणि वहीत लिहून ठेवला. वही मावशीने रद्दीत दिली.

काकांची बाजू मांडायला हवी. ते काही कचरा साठवणारे नव्हेत. त्यांचं आराध्यदैवत म्हणजे दिनकर केळकर. पुण्यातल्या बाजीराव रस्त्यालगतच्या त्यांच्या संग्रहालयात अडकित्ते, दिवे, दारं, वाद्यं अशा हजारो वस्तू आहेत. गावोगाव हिंडून जमवलेलं हे सगळं त्यांनी १९७५ साली राज्य सरकारला देऊन टाकलं. "केळकरांनी जमवलं तर म्युझियम, आणि मी जमवलं तर भंगार?" हा काकांचा सवाल. त्यावर मावशी शांतपणे म्हणते, "त्यांनी शेवटी देऊन टाकलं, हे ऐकलंत ना?" मग काका नेमाड्यांच्या 'हिंदू'कडे बोट दाखवतात. त्या कादंबरीच्या मुखपृष्ठावरच अडगळीला समृद्ध म्हटलंय, हा त्यांचा शेवटचा पुरावा. मुखपृष्ठाच्या आत ते किती गेले आहेत, हे मी विचारलेलं नाही.

माळा रिकामा झाला त्या दिवशी मावशी गाणं गुणगुणत होती आणि काका जेवले नाहीत. आठवडाभर ते टीव्ही न लावता टीव्हीसमोर बसून होते. मावशीला वाटलं, यांना तो वस्तू साठवण्याचाच आजार आहे. नात्यातल्या मानसोपचार करणाऱ्या ताईला फोन गेला. ताई म्हणाली, तो आजार असतो, २०१३ पासून त्याची वेगळी नोंदही आहे, पण त्यात गादीवर झोपायला आणि शेगडी पेटवायला जागा उरत नाही. काकांचा तर एक माळा होता. आणि खरोखरचा आजार असला तरी दुसऱ्याने ओढून रिकामं केलं की माणूस आणखी बिथरतो. ज्याचं त्याने सोडलं तरच डोकं हलकं होतं.

मावशी यावर बराच वेळ काही बोलली नाही. म्हणजे अंदाजे चार मिनिटं.

मग दर बुधवारी काका माझ्याकडे यायला लागले. "जुन्या बाजारात चाललो होतो, वाटेत टेकलो." मी धायरीला राहते. सहकारनगरहून जुन्या बाजारात जाताना धायरी लागायला पृथ्वीप्रदक्षिणाच करावी लागेल. मी काही म्हटलं नाही. काका चहाचा कप घेऊन सरळ ड्राय बाल्कनीत जातात, स्टुलावर बसतात आणि गणपतीच्या साक्षीने रेडिओ मांडीवर घेतात. स्क्रू ड्रायव्हर खिशातून आणलेला असतो. दोन तास आवाज नाही. मध्येच स्टोव्हच्या टाकीवरून पुसल्यासारखा हात फिरवतात. जाताना चेहरा असा असतो, की त्या लॉस एंजेलिसच्या लोकांनी येऊन मोजावं.

पंधरा दिवसांपूर्वी रेडिओ खरखरला. मग गजर झाल्यासारखा शेतीविषयक कार्यक्रमच सुरू झाला. उसावरच्या हुमणीचं काय करावं, हे आम्ही दोघांनी उभ्यानं शेवटपर्यंत ऐकलं. काका म्हणाले, "आता फक्त मागचं झाकण मिळायला हवं. जुन्या बाजारात दोन चकरा झाल्या, या मापाचं नाही."

म्हणजे अधूनमधून ते खरंच जात होते.

परवाच्या बुधवारी काका बाल्कनीत होते आणि मावशीचा फोन आला.

"पोचले का गं?"

मी गप्प.

"अगं, मला ठाऊक आहे. भंगारवाला किलोला चाळीस देत होता, तो सोडून मी तुझ्याकडे रिक्षाचे पैसे घालून का आणते सगळं?" मग आवाज खाली आणून, "आणि बुधवारी दोन तास मलाही घर मोकळं मिळतं. त्यांना काही बोलू नकोस. आणि हो, त्यांच्या हाती पिशवी दिलीय. तुला लागेल."

पिशवी दारातच चपलांशेजारी होती. आत श्रीखंडाचा डबा, डब्यात चार स्क्रू, आणि डब्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं रेडिओचं मागचं झाकण.