मुलगा काय करतो?

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या कारकुनाला घरात बसवत नाही. त्यात बायको स्तनाच्या कॅन्सरमधून बरी होऊन नव्या रुग्ण बायांना धीर द्यायला जाऊ लागली, म्हणजे मला आयतंच खातं मिळालं. मी रजिस्टर आखलं, तालुकावार तक्ता केला, रबरी शिक्का करून घेतला : ‘समन्वयक, परभणी जिल्हा’. स्वयंसेविका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, पण शिक्का गोल आणि ठसठशीत. बायको म्हणाली, “तुम्ही फक्त गाडी चालवा.”

मी मात्र अभ्यास केला. न्यूयॉर्कच्या टेरेस लॅसर यांचं १९५२ मध्ये याच कॅन्सरचं ऑपरेशन झालं. पुढं काय, हे कुणी धड सांगेना, म्हणून बाई स्वतःच रुग्णांना भेटत सुटल्या. काही दवाखान्यांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं, तरी त्यातून ‘रीच टू रिकव्हरी’ उभं राहिलं. मुंबईत वंदना गुप्तांनी स्वतःच्या आजारपणानंतर १९९४ मध्ये ‘व्ही केअर’ सुरू केलं. हे सगळं मी भाषणात घातलं. भाषण अजून कोरं आहे, ऐकणारा भेटलेला नाही. बायांना हवं असतं ते वेगळंच : केमोचं लाल औषध चढवल्यावर लघवी लाल होते, ते रक्त नव्हे, ऑपरेशनच्या बाजूच्या हातावर सुई आणि बीपीचा पट्टा शक्यतो नको, केस जातात, पण येतात. डॉक्टरही सांगतात म्हणा. पण “ब्लाउजचं काय करू?” हे डॉक्टरांना कोण विचारणार?

जिंतूर तालुक्यातल्या एका गावातून बायकोला फोन आला. ऑपरेशन संभाजीनगरला झालेलं. “या, पण कशाला आलात ते घरात बोलू नका. पोरीचं लग्न व्हायचंय.” हा आजार आनुवंशिक दोषामुळं होतो तो शंभरात पाच-दहा जणींनाच; पण सोयरीक जुळवणारे टक्केवारी बघत नसतात.

गेलो. साठी उलटलेला मी, शेजारी काठापदराची बायको, हातात पेढ्यांचा पुडा. पुडा माझ्या डोक्यातून निघालेला. मोकळ्या हातानं कसं जायचं? ओसरीवरच्या आजोबांनी आधी पुड्याकडं बघितलं, मग आम्हांला नीट न्याहाळलं आणि आत हाळी दिली, “पोहे टाका गं!”

बायको आत गेली. मी अडकलो.

“मुलगा काय करायलाय?”

“मुलगा नाही हो.”

“आला नाही? बरं केलं. आधी थोरामोठ्यांनी बघावं.”

“तसं नाही, नाहीच.”

“नोकरी नाही? असू द्या. शेती किती?”

आमच्याकडं म्हणतातच, बनी तो बनी, नहीं तो परभणी. इथं तर भलतंच बनत चाललं होतं. खरं बोलावं तर तिकडं त्या माउलीचं गुपित फुटणार. मी पोह्यांत तोंड खुपसलं.

तेवढ्यात अर्धवट लोटलेल्या दारातून आजोबांना आतलं दिसलं. दोघी भिंतीकडं तोंड करून उभ्या, बोटं एकेक वीत वर सरकवत चाललेल्या. माझी बायको खांद्याच्या वर पोचलेली, दुसरी छातीपाशीच थांबून दात आवळतेय. ऑपरेशननंतर खांदा आखडू नये म्हणून करायचा तो व्यायाम.

“पाव्हणीबाई भिंत कशापायी मोजायलीय?”

“बांधकाम बघतीय,” मी म्हणालो. निवृत्त कारकुनाला याहून बरं उत्तर सुचत नाही. आजोबा खूश झाले. “चिरेबंदी हाय म्हणावं!”

मग मुलगी चहा घेऊन आली. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणारी, नजर तेज. कप पुढं करताना हळूच म्हणाली, “काका, आई आज पहिल्यांदा बोलायलीय. आजोबांना आणखी थोडं धरून ठेवा.”

माझ्या रजिस्टरात या कामाला रकाना नव्हता. पण मी येलदरी धरण काढलं. किती टक्के भरलं, कालव्याचं पाणी टेलला का पोचत नाही, पाणीपट्टी कुणाकडं थकली. नोकरीत ज्या विषयावर लोक माझ्यापुढून उठून जात, त्यावर आजोबा तासभर डोलत बसले. बायको बाहेर आली तेव्हा दुसरा चहा झाला होता आणि तिच्यामागून हसण्याचा आवाज येत होता.

आठवड्यात व्हॉट्सअॅपवर मुलीचा बायोडेटा आला, राशी-नक्षत्रासकट. मागोमाग तिचाच फोन. “काका, नकार कळवू नका. मला आधी एमपीएससी द्यायचीय आणि काकूंचं येणं बंद व्हायला नको. पत्रिका गुरुजींकडं दिलीय म्हणा.”

तसं कळवलंय. आईचं रेडिएशन संपेपर्यंत गुरुजींनी ती परत द्यायची नाही, असा पोरीचा हुकूम आहे. आजोबा दर सोमवारी फोन करून गुरुजींची तब्येत विचारतात.