कूपेकर

न्यू जर्सीतल्या प्रत्येक मराठी मंडळात एक तबलजी, एक घरं विकणारा आणि एक कूपेकर असतो. पहिले दोघं अडीअडचणीला कामाला येतात.

कूपेकर हे काही त्याचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव सांगूनही उपयोग नाही, कारण बऱ्याच वर्षांत ते कुणी वापरलेलं नाही. मुलगी कॉलेजला गेली, घराचं कर्ज आटोक्यात आलं, डॉक्टरांनी साखर जपायला सांगितली. अशा वेळी बाकीचे लोक विपश्यनेला जातात किंवा महागडे धावायचे बूट घेऊन ठेवतात. याने दोन दारांची जुनी स्पोर्ट्स कूपे घेतली. पोर्शे ९११, सन २००२, रंग चंदेरी.

आपण कौतुकाने ‘वा, नाइन इलेव्हन!’ म्हणावं, तर तो शांतपणे ‘नाइन नाइन सिक्स’ म्हणतो. हा तिच्या पिढीचा आकडा. १९६३ मध्ये ही गाडी पहिल्यांदा दाखवली गेली तेव्हापासून पस्तीसेक वर्षं तिचं इंजिन वाऱ्यावर थंड व्हायचं. ९९६ मध्ये पहिल्यांदा पाणी आलं. शिवाय सुरुवातीच्या गाड्यांना पुढचे दिवे धाकट्या बॉक्स्टरचेच लावलेले. त्या दिव्यांना जाणकारांनी ‘तळलेलं अंडं’ असं नाव ठेवलं, नाकं मुरडली, आणि सगळ्या ९११ मध्ये हीच पिढी सर्वांत स्वस्त झाली. जाणकारांनी नाक मुरडलेली वस्तू उत्तम अवस्थेत आणि कमी पैशात मिळते आहे, एवढं आमच्या कूपेकराला पुरेसं होतं.

नवी असताना सत्तर हजार डॉलरच्या घरात असलेली ही गाडी त्याला २०१६ मध्ये बावीस हजारांना मिळाली. म्हणजे त्याच्या हिशेबाने पहिल्याच दिवशी अठ्ठेचाळीस हजार वाचले. तेव्हापासून तो हे वाचलेले पैसे खर्च करतो आहे.

हा माणूस उधळ्या असता तर मी त्याच्यावर चार ओळीही लिहिल्या नसत्या. उधळे लोक कंटाळवाणे असतात. कूपेकर चहाची पिशवी दोनदा बुडवतो. भारतात जाताना नव्वद डॉलर वाचावेत म्हणून मधल्या विमानतळावर अकरा तास बसतो. हॉटेलात उरलेली दाल डब्यात भरून आणतो आणि डब्याचे पैसे लावले तर वाद घालतो. अशा माणसाच्या हिशेबाला नेमक्या एकाच ठिकाणी भोक पडावं आणि ते त्याला दिसूच नये, यात मजा आहे.

ते भोक असं: गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. गाडी बावीस हजारांची झाली म्हणून तिचा क्लच बावीस हजारांच्या गाडीचा होत नाही. तो सत्तर हजारांच्याच तोऱ्यात राहतो, आणि तो बसवणाराही. टायर बघा. मागचे पुढच्यांपेक्षा रुंद, त्यामुळे पुढचे मागे आणि मागचे पुढे करून चार पैसे वाचवायची सोय नाही. इंजिन मागे, वजन मागे, म्हणून मागचे लवकर झिजतात. इंजिनात तेल जातं आठ लिटरच्या वर, आणि तेही कुठलंही नाही.

हे सगळं तो एक्सेलमध्ये टिपतो. मी ती फाइल पाहिली आहे. तिच्यात खर्चाचे दोन रकाने आहेत: ‘चालू खर्च’ आणि ‘एकदाचा खर्च’. चालू खर्चात पेट्रोल, विमा आणि वर्षाचं तेल. बाकी सगळं एकदाचं. वॉटर पंप एकदाचा, रेडिएटर एकदाचे, इग्निशन कॉइल एकदाच्या, सस्पेन्शन एकदाचं. दर वर्षी कुठला तरी एकदाचा खर्च येतोच. पण प्रत्येक वेळी तो वेगळा असतो, त्यामुळे तत्त्वाला धक्का लागत नाही. वर्षअखेरीस तो फक्त पहिल्या रकान्याची बेरीज करतो आणि मला फोन करतो. ‘तुला सांगतो, कॅमरीपेक्षा स्वस्त पडते ही!’

कॅमरीचा विषय निघालाच आहे तर तोही संपवून टाकू. लोक विचारतात, जुन्या स्पोर्ट्स गाडीचा सर्वांत मोठा खर्च कुठला? माझं उत्तर: दुसरी गाडी. कूपेकराने स्वस्तातला ‘हौशी गाडीचा’ विमा घेतला. हा विमा स्वस्त असतो, कारण कंपनीच्या अटीच तशा असतात. गाडी बंद गॅरेजमध्ये हवी, ती घेऊन रोज कामावर जायचं नाही, आणि घरात रोजच्या वापराची वेगळी गाडी असलीच पाहिजे. म्हणजे ही गाडी वापरणार नाही याचा पुरावा म्हणून तिच्याशेजारी दुसरी गाडी पाळायची! त्यांच्या घराला गॅरेज एकाच गाडीचं. तेव्हा चंदेरी बाई आत मऊ चादर पांघरून, आणि ऑफिस, भाजी, दवाखाना, विमानतळ हे सगळं करणारी कॅमरी बाहेर बर्फात. जानेवारीत सकाळी साडेसहाला वहिनी अंगणात कॅमरीची काच खरवडत असतात, आणि कूपेकर गॅरेजमध्ये आपल्या गाडीला हीटर पुरेसा होतोय ना ते बघत असतो. डिसेंबर ते मार्च रस्त्यांवर मीठ टाकलेलं असतं, म्हणून त्या चार महिन्यांत गाडी हलत नाही. बॅटरी मरू नये म्हणून तिला चार्जर जोडलेला. एका वर्षी तो चार्जर कुणीतरी इस्त्रीसाठी काढला आणि लावायचा विसरला. बॅटरी पुढच्या झाकणाखाली असते आणि त्या मॉडेलचं झाकण विजेवर उघडतं. आता बॅटरी मेली की झाकण उघडायचं कसं, आणि झाकण उघडल्याशिवाय बॅटरी गाठायची कशी? ड्रायव्हरच्या पायापाशी फ्यूजच्या पेटीत बाहेरून वीज द्यायची सोय असते, पण हे कळेपर्यंत कूपेकर दोन तास झाकणाशी बोलत होता. इस्त्री कुणी केली होती, हा प्रश्न त्या घरात कुणीही विचारत नाही.

पण त्याचं खरं दैवत आहे ते ‘उघडलंच आहे तर’.

इंजिनाच्या पोटात एक मधला दांडा असतो आणि त्याच्या टोकाला मुठीत मावेल एवढं एक बेअरिंग. आयएमएस बेअरिंग. हे नाव घेताना कूपेकर आवाज खाली आणतो. बेअरिंग सीलबंद, वय झालं की सील ढिलं पडतं, आतलं ग्रीस धुऊन जातं, आणि ते फुटलं तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची भेट होते. तशी ती व्हायची नसते. अमेरिकेत यावर सामूहिक दावा झाला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. त्या दाव्यातून असं पुढे आलं, की एकेरी बेअरिंगच्या गाड्यांत सुमारे आठ टक्क्यांना हा त्रास होतो. शंभरातल्या ब्याण्णव गाड्या सुखरूप. हेच गणित शेअर बाजारात असतं तर याने घर गहाण टाकलं असतं. इथे मात्र त्याची झोप उडाली.

बेअरिंगपर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मेकॅनिक हा एक म्हातारा, मितभाषी इटालियन. घेण्याआधी गाडी तपासायला नेली तेव्हा ‘घेऊ नकोस’ एवढंच म्हणाला होता. त्याने खर्च सांगितला आणि गप्प बसला. पुढचं सगळं कूपेकरच बोलला. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर क्लच बदलू. क्लच काढलाच आहे तर फ्लायव्हील बघू. फ्लायव्हीलपर्यंत गेलोच आहोत तर मागचं ऑइल सील कशाला ठेवायचं? इंजिन टेकवून खाली घेतलंच आहे तर त्याचे माउंट... एका बेअरिंगसाठी गेलेला माणूस साडेपाच हजारांचं बिल घेऊन आला आणि आनंदात होता, कारण हे सगळं वेगवेगळं केलं असतं तर मजुरी प्रत्येक वेळी पडली असती! त्या दिवशी त्याने मजुरीचे सहा हजार वाचवले. एक्सेलमध्ये ‘वाचलेले’ असा तिसरा रकाना तेव्हा सुरू झाला.

एवढ्या यादीत त्याने एकच गोष्ट गाळली. तेल आणि हवा वेगळी करणारा एक प्लॅस्टिकचा डबा असतो. म्हातारा म्हणाला, हाही बदल. कूपेकराला अचानक काटकसर आठवली. ‘तेवढं राहू दे.’

तो डबा त्या वर्षी मंडळाच्या गणेशोत्सवात गेला. एका शाळेच्या आवारात कार्यक्रम, लेझीम पथक रांगेत उभं, आणि पाहुण्यांना आणायला कूपेकराने गाडी सुरू केली. तो डबा फाटला की तेल थेट इंजिनात ओढलं जातं आणि मागून पांढरा धूर निघतो. थोडा नव्हे. अर्धं पार्किंग दिसेनासं झालं. लेझीम पथकातल्या मुली खोकत बाहेर आल्या, आतून कुणीतरी आरती सुरू झाली समजून टाळ्या धरल्या, आणि आवाराच्या रखवालदाराने अग्निशमन दलाचा नंबर फिरवला. धुरातून कूपेकराचा आवाज येत होता, ‘आडवं इंजिन आहे, थोडा धूर येतोच!’ नंतर तो डबा बदलायला गाडी पुन्हा उचलावी लागली, आणि उचललीच आहे तर... असो.

दर रविवारी सकाळी त्याचे काही विधी असतात. पांढरा रुमाल घेऊन तो दोन्ही बाजूंच्या एक्झॉस्टच्या नळ्या आतून पुसतो आणि रुमालाचे दोन डाग उजेडात धरून ताडून बघतो. एक बाजू जास्त काळी होत गेली तर सिलिंडर आतून ओरखडले जात असल्याची ती खूण. शरद ऋतूत पुढच्या रेडिएटरांच्या नाकपुड्यांत मेपलची पानं अडकतात. ती काढायला घरातला व्हॅक्यूम क्लीनर येतो आणि पुन्हा घरात जात नाही. तेल बदललं की जुना फिल्टर कापून त्याचा कागद डायनिंग टेबलावर पसरायचा आणि वर भिंग व लोहचुंबक. पत्रिका बघणारे गुरुजी बोट ठेवून ठेवून सरकतात तसा तो एकेका घडीवरून सरकतो. एखादा कण चमकला की तो चुंबकाला चिकटतो की नाही, यावर त्या आठवड्यातलं घरातलं वातावरण ठरतं. वहिनी त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोळ्या लाटत असतात. काही बोलत नाहीत.

पेट्रोल भरायचा प्रसंगही बघण्यासारखा. न्यू जर्सीत स्वतः पेट्रोल भरता येत नाही, पंपावरचा माणूसच भरतो. कायद्यानेच तसं आहे. कूपेकराला ते सोसत नाही. तो उतरून उभा राहतो. पंपवाला सवयीने मागे जातो. हिच्या टाकीचं तोंड पुढे, उजव्या चाकाच्या वर. ‘त्र्याण्णवचंच, सत्त्याऐंशीचं नको,’ असं कूपेकर तीनदा सांगतो आणि थेंब सांडू नये म्हणून रंगावर स्वतःचा रुमाल धरतो. तोच रविवारचा रुमाल. एवढं करून तो गाडी घेऊन जातो कुठे, तर चौदा मैलांवरच्या एका कॉफीच्या दुकानात. तिथे असेच आणखी कूपेकर जमतात, वेगवेगळ्या देशांतून आलेले, आणि सगळे एकमेकांना बिलं सांगतात. सगळ्यांत मोठ्या बिलाला मान मिळतो. जास्त लांब तो जात नाही. या गाड्यांचे भाव पुन्हा वर चाललेत, आणि मैल वाढले की भाव पडतो. चालवायची म्हणून घेतलेली गाडी भाव पडेल म्हणून चालवायची नाही, हे त्याचं धोरण मला अजून नीट समजलेलं नाही. पण त्याच्या आवाजात इतकी खात्री असते की दर वेळी मी मान डोलावतो.

पाहुण्यांना इंजिन दाखवण्याचा त्याला भारी सोस. मागचं झाकण उघडतो. आत दिसतो एक काळा डबा आणि एक पंखा. इंजिन त्याच्या खाली असतं, वरून दिसतच नाही. पाहुणे आदराने डब्याकडे बघतात.

आता वहिनींबद्दल. त्या काही बोलत नाहीत असं मी वर म्हटलं ते खरं आहे. पण साडेपाच हजारांचं बिल आलं त्या आठवड्यात त्या ओक ट्री रोडवरच्या सराफाकडे जाऊन पाटल्या घेऊन आल्या. कूपेकराने विचारलं, ‘अहो, हे काय?’ त्या म्हणाल्या, ‘एकदाचा खर्च.’ तेव्हापासून त्या घरात एक अलिखित करार आहे. गाडीत जेवढे जातील तेवढे सोन्यात. आमच्या बायकांत त्या दागिन्यांना त्याच नावांनी ओळखतात: क्लचच्या पाटल्या, वॉटर पंपाची ठुशी, सस्पेन्शनचे तोडे. धुराच्या वर्षी आलेल्या कुड्यांना काय म्हणतात ते छापण्यासारखं नाही. गाडीचा खरा खर्च दुप्पट आहे तो असा. पण एक्सेलमध्ये या निम्म्या भागाला रकानाच नाही. २०१६ पासून सोन्याचा भाव दुपटीच्या वर गेला आहे. ही गुंतवणूक आहे असं कूपेकर जेव्हा चारचौघांत म्हणतो, तेव्हा वहिनी हातातल्या पाटल्या जरा वर सरकवतात आणि ‘आहेच मुळी’ म्हणतात.

यंदा एप्रिलमध्ये गाडी बाहेर निघाली आणि गरम झाल्यावर मागून टकटक असा आवाज येऊ लागला. रुमालावरचा एक डाग दुसऱ्यापेक्षा कितीतरी काळा. म्हाताऱ्याने स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा सोडला, पडद्यावर सिलिंडरच्या भिंतीवरचे उभे ओरखडे दाखवले आणि एका कागदावर आकडा लिहिला. गाडी घेतली त्याहून मोठा. मी सोबत होतो. मला वाटलं, आता याला धरून बसवावं लागेल. कूपेकर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग त्याच्या डोळ्यांत ती चमक आली.

‘नाही म्हणजे,’ तो मला म्हणाला, ‘इंजिन पूर्ण उघडलंच आहे तर सिलिंडर जरा मोठे टाकून घेता येतात.’

त्याच संध्याकाळी वहिनींचा आमच्या हिला फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मुलीची चौकशी झाली. मग त्यांनी विचारलं, ‘ओक ट्री रोडवर कंबरपट्टा कोण चांगला करून देतं गं?’