मोड काय येईल?

सराफाच्या दुकानात पाण्यापाठोपाठ कॉफी आली की समजावं, आपण हिऱ्याच्या काउंटरला बसलोय. सोन्याच्या काउंटरला नुसतं पाणी मिळतं. मागच्या शनिवारी लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानात आम्हाला दोनदा कॉफी मिळाली. आम्ही म्हणजे भाचा, त्याची होणारी बायको, ताई, आई आणि मी. काम साखरपुड्याच्या अंगठीचं. मला नेलं ते मामा म्हणून, म्हणजे पिशव्या धरायला.

भाचा तयारीनिशी आला होता. फोनमध्ये रंगीत तक्ता, त्यात कट, कलर, क्लॅरिटी, कॅरेट असे चार रकाने. दहावीला भूमितीचा एवढा अभ्यास केला असता तर ताईचं रक्त थोडं कमी आटलं असतं. काउंटरमागच्या मुलीने चिमट्याने एक अंगठी उचलली, दिव्याखाली धरली आणि म्हणाली, “फायर बघा, सर.” सर बघत राहिले. आईने फायर बघितलं नाही. तिने विचारलं, “मोड काय येईल?”

ताईने तिला कोपराने ढोसलं. “आई, साखरपुड्याची अंगठी घ्यायला आलोय. मोड मोड काय लावलंयस!”

पण प्रश्न अस्सल होता. आमच्यासारख्या घरांत सोनं हौसेने घेतात आणि अडचणीचा विचार करून घेतात. पाटल्या हातात चढायच्या आधी घट किती जाईल, मोडताना भाव कुठला लावाल, हे विचारून झालेलं असतं. कुणाचं ऑपरेशन, कुणाची इंजिनिअरिंगची फी, कुणाच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट, सगळं आईच्या मनगटावरून उतरलेलं आहे. तेव्हा मोडीशिवाय दागिना म्हणजे तिच्या लेखी भातुकलीतलं खेळणं.

मुलगी गोड हसली. “आजी, हिरा कुणी मोडत नाही. एक्स्चेंज करतात.” एक्स्चेंज म्हणजे जुना द्यायचा, वर पैसे घालून मोठा न्यायचा. “आणि रोख हवे असतील तर?” मी विचारलं. आतापर्यंत खणखणीत बोलणारी ती मुलगी एकदम मुकी झाली. तिने कॅल्क्युलेटरवर काहीतरी बडवलं आणि तो माझ्याकडे वळवला. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आकडा तोच होता.

इथे जरा १९४७ सालात जाऊन येऊ. अमेरिकेत एन. डब्ल्यू. आयर नावाची जाहिरात कंपनी होती आणि डी बिअर्स हे तिचं गिऱ्हाईक. तिथल्या फ्रान्सिस गेरेटी या बाईंनी त्या वर्षी चार शब्दांची एक ओळ लिहिली. अर्थ एवढाच, की हिरा कायमचा असतो. लोकांना त्यात प्रेम दिसलं. मला त्यात धंदा दिसतो, आणि फार हुशार धंदा दिसतो. वस्तू कायमची म्हटली की ती विकायला कुणी नेत नाही. विकायला नेली नाही की तिची मोड काय येते हे कुणाला कळत नाही. आईच्या प्रश्नाचं उत्तर त्या बाईंनी आई शाळेत जायच्या आधीच देऊन ठेवलं होतं. गेरेटीबाईंनी स्वतः लग्न केलं नाही.

मग पगाराचा हिशेब आला. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या जाहिरातींनी अंगठीला दोन महिन्यांचा पगार घाला असं सांगितलं. आमचा भाचा नेमका तेवढाच आकडा मनात धरून आला होता, आणि हा आकडा कुठून आला असं विचारल्यावर म्हणाला, “असं असतंच ना, मामा.” जपानात १९६७ साली हिऱ्याची अंगठी मिळालेल्या वाग्दत्त वधू शंभरात पाचसुद्धा नव्हत्या, १९८१ पर्यंत त्या साठाच्या घरात गेल्या. चौदा वर्षांत परंपरा. आपल्याकडे गणपतीच्या मंडळालासुद्धा परंपरा म्हणवून घ्यायला पंचवीस वर्षं लागतात.

यातली गंमत अशी, की ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत, म्हणजे अठराव्या शतकापर्यंत, जगाला हिरे गेले ते मुख्यतः आपल्या देशातून. कृष्णाकाठच्या कोल्लूरच्या खाणी, गोवळकोंड्याचा बाजार. आजही हिरा कुठल्याही देशात निघो, दहांतल्या नवांना पैलू पडतात ते सुरतेत. इतकी शतकं हिरा हाताळून आपण त्याचा साखरपुड्याशी संबंध लावला नाही. आपण त्याला शुक्राचं रत्न केलं, आणि तो सगळ्यांना लाभत नाही म्हणून रात्री उशाखाली ठेवून बघायला सांगितलं. आईच्या साखरपुड्यात हिरा नव्हता. साखर होती.

पुन्हा काउंटरला. तीस सेंटचा खडा, अठरा कॅरेटचं सोनं. आईने ताबडतोब चूक धरली. “सोनं अठरा कॅरेटचं आणि हिरा पाव-अर्धा कॅरेटचा? मग हिराच कमअस्सल झाला की!” तिला समजावण्यात पहिली कॉफी निवली. सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता, चोवीसात किती ते. हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन, ग्रॅमचा पाचवा हिस्सा. एका कॅरेटचे शंभर सेंट. तीस सेंट म्हणजे साठ मिलिग्रॅम. अक्षतांचे जेमतेम दोन-तीन दाणे. आईने हिशेब ऐकला आणि दाण्याचा भाव काढला. तो मी इथे लिहीत नाही.

बाकी तक्त्यातलं खरं कामाचं एवढंच. पैसे घालायचे तर कटवर घालावेत, चमक तिथून येते. रंगात डी-ई-एफच्या मागे धावू नये. पिवळ्या सोन्यात बसवल्यावर आय किंवा जे सुद्धा पांढराच दिसतो. क्लॅरिटी तपासतात ती दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून. साखरपुड्याला भिंग घेऊन कुणी येत नाही. मुलीच्या मावश्या येतात, पण त्या किंमत विचारतात, डाग नाही. आणि पन्नास सेंट, एक कॅरेट अशा गोल आकड्यांपाशी भाव उडी मारतो, म्हणून अठ्ठेचाळीस सेंटचा मागावा. दोन सेंटचा फरक बोटावर दिसत नाही, बिलावर दिसतो.

हिरा मोडत नाही हे वाक्य मात्र मी घरी येईपर्यंत घोळवत होतो. तुकोबांच्या अभंगातला हिरा ऐरणीवर घणाखाली टिकतो, म्हणून तो खरा. बोटातल्या अंगठीवर हा प्रयोग करू नये. हिऱ्यावर ओरखडा उठत नाही, पण हातोडी बसली की तो फुटतो; ठरावीक दिशांनी तर एका टोल्यात दुभंगतो, आणि पूर्वी कारागीर त्याच वाटेने त्याचे दोन करत. जळतोही. लाव्हाझिएने १७७२ साली पॅरिसमध्ये मोठ्या भिंगाखाली उन्हात हिरा जाळला, आणि कोळसा जाळल्यावर निघतो तोच वायू निघाला. कायमचं म्हणतात ते इतपत.

तिकडे दुकानात इतका वेळ मुलगी, म्हणजे आमची होणारी सून, गप्प होती. दुसऱ्या कॉफीला तिने विचारलं, “लॅबमधला दाखवता?”

तो ट्रे खालच्या खणातून आला, किंचित नाराजीने. एक कॅरेटचा खडा, आणि किंमत जवळपास त्या तीस सेंटवाल्याएवढी. भाच्याने तक्ता बंद केला. हाही कार्बनच, हाही तेवढाच कठीण. दुकानदाराचा टेस्टर पेन खड्यातून उष्णता किती भरभर जाते ते बघतो, त्याला या दोघांतला फरक कळत नाही. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने १९५४ साली प्रयोगशाळेत हिरा केला होता. आज अशा हिऱ्यांच्या भट्ट्या सुरतेत रात्रंदिवस चालू आहेत. २०२३ साली पंतप्रधानांनी बायडनबाईंना साडेसात कॅरेटचा दिला तो हाच. खुद्द डी बिअर्सने २०१८ साली लाइटबॉक्स नावाने हे दागिने काढले, कॅरेटला सरळ आठशे डॉलर. मग भाव असा घसरला, की २०२५ साली दुकान गुंडाळत असल्याचं त्यांनीच जाहीर केलं. कायमचा शब्द त्यांनी या हिऱ्याला लावला नव्हता, एवढा प्रामाणिकपणा मान्य.

“याची मोड?” आई.

“याची मोड नाही, आजी,” काउंटरमागची मुलगी या वेळी स्पष्ट बोलली. मला तिचं कौतुक वाटलं. खाणीतल्या हिऱ्यातही घाटा, प्रयोगशाळेतल्यातही घाटा. फक्त दुसरा घाटा स्वस्तात मिळतो.

घेतला तो लॅबमधला, अठ्ठेचाळीस सेंटचाच, कारण भाच्याने तेवढं एक ऐकलं. बिलावर सोन्याचं नक्त वजन आणि खड्याचं वजन वेगळं लिहून घेतलं, नाहीतर खडासुद्धा सोन्याच्या भावात तोलला जातो. हॉलमार्कचा सहा आकडी-अक्षरी क्रमांक पाहिला. भिंग मागून खड्याच्या कडेवर लेझरने कोरलेला नंबर सर्टिफिकेटशी ताडून घेतला. तुम्हीही मागा, भिंग काउंटरखालीच असतं, मागितल्याशिवाय वर येत नाही. दोन महिन्यांच्या पगारातून बरेच पैसे उरले. आई उठली, सोन्याच्या काउंटरला गेली आणि तिथे चोवीस कॅरेटचं पाच ग्रॅमचं वेढणं सुनेच्या नावाने घ्यायला लावलं. तिथे आम्हाला पाणी मिळालं.

साखरपुडा येत्या रविवारी सकाळी अकराला आहे. साखर अजून आणायची आहे.