नियम आहे, शोधून दाखवा

छोट्या पल्ल्याचं विमान दोन तास लेट झालं, की प्रवासी आधी घड्याळ बघतो, मग मोबाइल. विमान कंपनीकडून चहा-नाश्ता मिळायला हवा की नाही, एवढीच त्याची माफक शंका. उत्तर आहे आणि ते ‘हो’ असंच आहे. फक्त ते राहतं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमावलीत, सेक्शन 3, सीरिज एम, पार्ट 4 मध्ये. हा पत्ता आधीच पाठ असलेल्याला ते चटकन सापडतं. बाकीच्यांनी पीडीएफ उघडावी, दोन बोटांनी ताणून अक्षरं मोठी करावीत आणि समोरची आवृत्ती ताजी की शिळी, याचा अंदाज बांधावा.

तोवर बोर्डिंग सुरू होतं.

ताज्या-शिळ्याचा हा घोळ खुद्द कायद्याचाही आहे. 1934 चा विमान कायदा जाऊन 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. इंटरनेटवर मात्र जुने बुवा अजून ठणठणीत आहेत.

अमेरिकेचे विमान-नियम ‘टायटल 14’ या एकाच छपराखाली ऑनलाइन मिळतात, तेही फुकट. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची तऱ्हा न्यारी. 1944 चा शिकागो करार खुशाल वाचा. त्याची 19 परिशिष्टं मात्र संघटनेच्या दुकानात विक्रीला. त्यांतही सुधारणा होत राहतात, म्हणजे पाकीट पुन्हा बाहेर.