पॅल्पवाले काका

निसर्गप्रेमी मंडळींत उतरंड असते. सगळ्यात वर वाघवाले. त्यांच्याकडे जिप्सीतले किस्से आणि हातभर लेन्स. त्यांच्या खाली पक्षीवाले. हे पहाटे उठतात आणि उठल्याचं दिवसभर सांगतात. मग फुलपाखरूवाले. 2015 मध्ये ब्लू मॉरमॉन महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झाल्यापासून त्यांची मान जरा ताठ आहे. त्यांच्याखाली पतंगवाले. त्यातही ज्यांना बशीएवढा ॲटलास पतंग बघून आनंद होतो ते चारचौघांत खपून जातात. पार तळाशी जो उरतो, तो माणूस मातकट रंगाच्या, नखाएवढ्या, आपण फुंकर मारून उडवू अशा जिवाकडे भिंगातून अर्धा तास बघतो आणि दबक्या आवाजात म्हणतो, "पॅल्प बघा, पॅल्प!"

हे आमचे पॅल्पवाले काका. असा एखादा नमुना प्रत्येक सोसायटीत सापडतो, फक्त तो दिवसा ओळखू येत नाही.

काकांचा जीव स्नाउट मॉथमध्ये, म्हणजे तोंड पुढे काढून बसणाऱ्या पतंगांत. ही सोंड आहे असं म्हणायची सोय नाही. "सोंड वेगळी, ती खाली गुंडाळलेली असते. हे पुढे आलंय ते पॅल्प. ओठाचे अवयव. वास घ्यायला." मग स्वतःच्या नाकापुढे दोन बोटं धरून ते दाखवतातही, आणि लिफ्टमधली लहान मुलं आईला बिलगतात. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी एकदा भाबडेपणाने विचारलं, "आमच्या तांदळात सोंडे झालेत, तेच का हे?" काकांचा चेहरा पडला. "वहिनी, ते भुंगेरे. सहा पाय सोडले तर यांचा त्यांचा काही संबंध नाही."

काका बँकेतून निवृत्त झाले. हयात चेकवरच्या सह्या पडताळण्यात गेली. एक वेलांटी आखूड दिसली तर ते शाखा व्यवस्थापकाच्या मेहुण्याचाही चेक परत करत, असं त्यांचे सहकारी अजून सांगतात. ती नजर आता पतंगांच्या कामी येते. व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी हौसेने फोटो टाकून नाव सुचवलं, की रात्री साडेअकराला काकांचं उत्तर येतं : "सही जुळत नाही." पुढे स्पष्टीकरण नाही. दुसऱ्या दिवशी भेटलात तर मात्र आहे, आणि त्याला शेवट नाही.

त्यांचा सगळ्यात आवडता विषय म्हणजे पायरॅलिडे आणि क्रॅम्बिडे यांची भाऊबंदकी. जॉर्ज हॅम्पसन हे काकांचं दैवत. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या पतंगांवर या माणसाने चार खंड लिहिले. 1896 च्या चौथ्या खंडात सगळे स्नाउट मॉथ पायरॅलिडे या एकाच कुळात गुण्यागोविंदाने नांदत होते. पुढे वाटण्या झाल्या. पायरॅलिडेंकडे आज सुमारे सहा हजार जाती, क्रॅम्बिडेंकडे सुमारे दहा हजार. वाटणी कशावरून झाली? काका इथे थांबतात, कारण हे ऐकणाऱ्याने विचारायचं असतं. कानावरून. यांचे कान पोटाच्या बुडाशी, खालच्या अंगाला असतात. कानाची डबी जवळजवळ मिटलेली असेल तर पायरॅलिड, उघडी असेल तर क्रॅम्बिड. क्रॅम्बिडांत शिवाय दोन कानांच्या पडद्यांना जोडणारी एक चिमुकली झालर असते. ती झालर काका कागदावर काढून दाखवतात. चहा निवतो. लात्रेय नावाच्या फ्रेंच माणसाने 1809 मध्ये पायरॅलिडे आणि लगेच पुढच्या वर्षी क्रॅम्बिडे अशी दोन्ही नावं देऊन ठेवली होती, हे कळतं तेव्हा बशीतली बिस्किटंही संपलेली असतात.

त्या कानांचं कौतुक मात्र मलाही वाटतं. वटवाघूळ अंधारात आवाजावर शिकार शोधतं, म्हणून यांना ते आवाज ऐकू यावे लागतात. मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण फस्त करणारा गॅलेरिया मेलोनेला तर 300 किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, असं 2013 मध्ये ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं. माणसाची धाव 20 पर्यंत. काकांची त्याहून कमी असावी; "अहो, गॅस बंद करा" ही हाक त्यांना तिसऱ्या खेपेला पोहोचते.

काकूंचं स्वतःचं वर्गीकरण आहे आणि ते दोनच गटांचं : रव्यातले आणि दिव्यावरचे. दिव्यावरच्यांशी त्यांचं वैर नाही. रव्यातला म्हणजे कॉर्सिरा सेफालोनिका. त्याची अळी रव्यात जाळी करते, दाणे एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, आणि डबा उघडल्यावर एक राखाडी कपटा तोंडावर उडतो. काकू डब्यात कडुलिंबाचा पाला घालतात, काका तो हळूच काढतात. एक डबा तर त्यांनी मुद्दाम राखून ठेवला होता. "कृषी महाविद्यालयात हेच पोसतात," असा त्यांचा बचाव. तो खोटा नाही. या पतंगाच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामा नावाची सूक्ष्म गांधीलमाशी वाढवतात, तिची ट्रायकोकार्डं उसात लावली की ती खोडकिड्याची अंडी संपवते. म्हणजे रव्यातल्याने उसातल्याचा काटा काढायचा. काकूंनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि डबा गच्चीवर नेऊन उलटा केला. उपम्याच्या दिवशी घडलेली गोष्ट ही. काकांना वाईट डब्याचं वाटलं, उपम्याचं नाही.

मंडईत त्यांची वेगळीच तऱ्हा. लोक वांगी उलटसुलट करून भोक नसलेलं निवडतात. काका भोक असलेलं. भाजीवाली आता किडकी बाजूला काढून ठेवते आणि पैसेही घेत नाही. "काका, आज चार चांगली निघालीत," असं ती म्हणते तेव्हा शेजारचं गिऱ्हाईक गोंधळतं. घरी ती वांगी काचेच्या बरणीत जातात, तळाला माती, तोंडाला मलमलचं फडकं. अळी बाहेर येते, कोष करते, आणि पुढे एका सकाळी काठावर ल्युसिनोडेस ऑर्बोनालिस बसलेला दिसतो. पांढरे पंख, त्यावर गुलाबीसर तपकिरी डाग, आणि पोटाचं टोक वर उचललेलं. दिसतो मात्र देखणा. याच किड्यापायी बीटी वांगं आलं आणि फेब्रुवारी 2010 मध्ये केंद्राने ते रोखून धरलं. त्या वादात काकांनी कोणाचीच बाजू घेतली नाही. दोन्हीकडच्या लोकांनी छापलेल्या चित्रात पतंगाचे पॅल्प चुकीचे होते, एवढीच त्यांची तक्रार होती.

उपयोगाचं काही विचारलं की काकांची पंचाईत होते. कोकणातून भाच्याचा फोन आला. "मामा, लोंब्या पांढऱ्या पडल्यात, सगळी पळींज." काका ताडकन उभे. "सिर्पोफेगा इन्सर्टुलस! वॉकर, 1863! क्रॅम्बिड!" भाचा म्हणाला, "ते असू दे. करायचं काय?" "ते कृषी सहायकाला विचार. तू आधी सांग, पिवळ्या मादीच्या पुढच्या पंखावर एकेक काळा ठिपका आहे ना?" भाच्याने मामीला फोन द्यायला सांगितलं.

पावसाळ्यात अमावास्या आली की काका गच्चीवर पांढरी चादर टांगून मर्क्युरीचा दिवा लावतात. चादरीवर हळूहळू गर्दी जमते. काका टोपणनावं घेत नाहीत, पूर्ण नावाने हाक मारतात. कोपऱ्यात एक पाल येऊन बसते. तिने आत्तापर्यंत किती दुर्मीळ नोंदी गिळल्या याचा हिशेब काका मांडतात. पाल पायरॅलिडे-क्रॅम्बिडे असा भेद करत नाही. मग सेक्रेटरी वर येतात, सामायिक मीटरचं बिल दाखवतात. काका ते बिल घेतात, बॅटरीच्या उजेडात आकडे नव्हे, खालची सही तपासतात आणि परत करतात.

तुमच्या सोसायटीत असा कोणी असेल तर त्याला फोटो जरूर पाठवा. फक्त तो बाजूने काढा. वरून काढलेल्या फोटोत पॅल्प नीट दिसत नाहीत, आणि मग काय उत्तर येतं ते तुम्हाला ठाऊक आहेच.