पाठीवरचं स्वातंत्र्य
हो ची मिन्ह सिटीतल्या बुई व्हिएन रस्त्यावर 'खरा आशिया' शोधायला जगभरचे बॅकपॅकर जमतात आणि रात्रभर एकमेकांचीच तोंडं बघतात. बिअरच्या दहा हजार डाँगवरून तावातावाने घासाघीस करणारी मित्रमंडळी सकाळी कंबोडियाच्या बसमध्ये बसते आणि बसवाल्याने मागताच पासपोर्ट मुकाट त्याच्या हाती देते. व्हिएतनामच्या मोक बाइ नाक्याच्या पलीकडे कंबोडियाचं बावेत. टुरिस्ट व्हिसा ३० डॉलरचा; बसवाला वर चार-पाच घेतो, ते कशाचे हे कोणी विचारत नाही. (रांग टळते ना, बाबा!) सीमा ओलांडताच दर्शन होतं ते प्राचीन संस्कृतीचं नव्हे, कॅसिनोंचं. नोमपेन्हला पोचल्यावर मात्र स्वाभिमान जागा होतो, टुकटुकवाल्यासमोर, एका डॉलरसाठी. जाणाऱ्यांनी नोटा तेवढ्या कोऱ्या न्याव्यात. तिथे फाटकी जीन्स चालते, फाटका डॉलर कोणी घेत नाही.