मेडशीत आय क्रीम कसे शोधावे

आपली कातडी कोरडी आहे आणि वरून नाजूकही आहे, अशी ज्यांना शंका आहे त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. शंका नसेल तर मार्चअखेरीस भर दुपारी अकोल्याहून मेडशीपर्यंत दुचाकीवर या. पातूरचा घाट चढून होईपर्यंत शंका येईल, मेडशी येईपर्यंत खात्री पटेल.

पायरी पहिली: रोग ओळखणे. ओठ फुटले की लोक तूप सुचवतात, टाचा फुटल्या की मेण. पण डोळ्यांखालची कातडी ताणली, तिला बारीक कोंडा सुटला आणि पाणी लागलं तरी चुरचुरायला लागली, की एकच प्रश्न येतो, "मॅडम, रात्री झोपल्या नाही काय?" मी मॅडम आहे, शाळेत शिकवते. खडू हा माझ्या चेहऱ्याचा कायमचा पावडरवाला आहे. ऑक्टोबरात गावाभोवती सोयाबीनची मळणी सुरू झाली की कुटाराचा बारीक भुगा त्यावर दुसरा थर देतो, पौषातली कोरडी थंडी तिसरा. एप्रिल लागला की थर वगैरे राहत नाहीत, थेट भाजणी. आणि हे सगळं ज्या जागेवर चालतं ती पापणीची कातडी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची, अख्ख्या अंगातली सगळ्यात पातळ. तिच्यात तेलाच्या ग्रंथीही नावापुरत्या. म्हणजे सगळ्यात कोरडवाहू जमीन देवानं नेमकी समोर, रस्त्याला लागून दिली आहे.

हे दुःख आपल्या वाशीम जिल्ह्याला शोभत नाही, हेही ध्यानात घ्यावं. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म. राजशेखरानं 'काव्यमीमांसे'त या नगराला मदनाचं क्रीडास्थान म्हटलंय आणि काव्यपुरुषाचं साहित्यवधूशी लग्नही इथंच लावून दिलंय. त्या नवरीनं डोळ्यांखाली काय लावलं होतं, एवढं मात्र लिहायचं तो विसरला. पुरुष लेखकांचं हे असं असतं.

पायरी दुसरी: मेडिकलवर जाणे. जाताना दुकानात गर्दी नसेल अशी वेळ बघावी, म्हणजे फक्त सहाजण असतील.

"भाऊ, आय क्रीम आहे का?"

"डोयात टाकाचं का डोयाखाली लावाचं?"

या विषयावर मला आजवर विचारला गेलेला हा सगळ्यात शास्त्रशुद्ध प्रश्न. पुढं मात्र शास्त्र संपतं.

"खाली लावायचं."

"डार्क सर्कलचं?"

"नाही, कोरडेपणाचं."

"म्हंजे डार्क सर्कलचंच."

मागे उभे असलेले काका माझ्या डोळ्यांकडे वाकून पाहतात आणि "आहेत थोडे" असं प्रमाणपत्र देतात. मग काउंटरवर तीन ट्यूबा येतात. एकीत कॅफिन असतं, दुसरीत व्हिटॅमिन सी, तिसरीत रेटिनॉल. सुरकुती, काळेपणा, सूज असल्या तक्रारींवर ही मंडळी कामाची असतीलही. पण रेटिनॉल आधीच सोललेल्या कातडीला आणखी सोलतं, आणि आम्लरूपातलं व्हिटॅमिन सी चिरलेल्या बोटावर लिंबू पिळावं तसं लागतं. मागितलं पाणी आणि हाती दिला घासकागद, असा हा प्रकार. ट्यूबच्या टोकाला स्टीलची गोळी असेल तर ती फिरवताना गार वाटतं. तो गारवा गोळीचा असतो, क्रीमचा नाही. गोळीचं काम फ्रीजमधल्या चमच्याच्या पाठीनंही भागतं.

पायरी तिसरी: मागची बाजू वाचणे. पुढची बाजू वाचू नये, ती कवितेसारखी असते. मागचे घटक मात्र उतरत्या प्रमाणात लिहिलेले असतात: जास्त ते आधी, कमी ते नंतर. एक टक्क्याच्या खालचे हवे त्या क्रमानं लिहिता येतात. त्यामुळं पुढं मोठ्या अक्षरांत केशर असेल आणि मागं केशराचा नंबर सत्ताविसावा असेल, तर त्या केशराची भेट कारखान्याच्या गेटवरच झाली असं समजावं. पहिल्या पाच-सहा नावांत पाणी, ग्लिसरीन, पेट्रोलेटम, डायमेथिकोन, सिरॅमाइड असलं काही सापडलं तर ट्यूब हातात ठेवावी. फ्रेग्रन्स किंवा परफ्यूम सापडला तर खाली ठेवावी. वास मोगऱ्याचा असला तरी ठेवावी. मोगरा केसात माळायचा असतो. 'नॅचरल' या शब्दानं विरघळू नये, लवंगी मिरचीही नॅचरलच आहे.

ही अक्षरं मुंगीच्या पावलांएवढी असतात, त्यामुळं वाचायला चष्मा लागतो. चष्म्यानं नाकाशेजारी, डोळ्यांखाली नेमके दोन चट्टे पडतात. क्रीमची गरज अशा रीतीनं वाचता वाचताच वाढते.

आता हिशेब. पंधरा ग्रॅमची ट्यूब 599 रुपयांना. म्हणजे ग्रॅमला चाळीस, किलोला चाळीस हजार, क्विंटलला चाळीस लाख. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. म्हणजे दोन्ही डोळ्यांखालच्या दोन बोटं जागेसाठी सव्वा अकरा किलो सोयाबीन, आणि क्विंटलभर आय क्रीम घ्यायचं मनात आलंच तर साडेसातशे क्विंटल. इथं हमीभाव मिळतो असं गृहीत धरलं आहे. मार्गदर्शिकेत थोडी कल्पनाशक्ती चालते. हा हिशेब घरी मोठ्यानं करू नये. मी केला.

महाग ट्यूबांत एक नाव हमखास असतं, हायलुरॉनिक ॲसिड. ॲसिड म्हटल्यावर घाबरू नये, पाणी धरून ठेवणारा हा पदार्थ आपल्या कातडीत असतोच. 1934 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी तो पहिल्यांदा वेगळा काढला, आणि कशातून काढला, तर गाईच्या डोळ्यातल्या काचेसारख्या पारदर्शक गरातून. म्हणूनच त्याच्या नावात काचेसाठीचा ग्रीक शब्द आहे. ही माहिती मी रात्री जेवताना अभिमानानं सांगितली. सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"गाईचा डोया फोडून बाईच्या डोयाखाली लावते काय?"

आता तसं नाही, आता कारखान्यात जिवाणूंकडून आंबवून करतात, असं मी समजावलं.

"मंग तं अजून वाईट. पन डोया कायले पाह्यजे म्हंतो मी, दूध देते ना ते गाय?"

हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

पायरी चौथी, किंवा तिसरीचाच उत्तरार्ध: ट्यूब आणली की लगेच लावू नये. कोपराच्या आतल्या बाजूला मुगाएवढं क्रीम रोज, आठवडाभर, त्याच जागी लावून पाहावं. लाल झालं, खाजलं, तर ती ट्यूब गेली. या आठवड्यात घरचे लोक रोज विचारतात, "डोळ्याचं औषध हाताला कशाला?" उत्तर देत बसू नये. आमच्या शिक्षक-खोलीत एकीनं माझं पाहून डोळ्यांचे थेंब कोपराला लावले होते. तिचं समाधान झालं.

मधल्या काळात खरा गुन्हेगार शोधावा. तो पुष्कळदा डोळ्यांजवळ राहतच नाही. नेलपॉलिशचं उदाहरण घ्या. त्यातल्या राळेची ॲलर्जी असली तरी बोटांना काही होत नाही, तिथली कातडी जाड. दिवसभरात त्याच बोटांनी आपण डोळे चोळतो आणि पुरळ उठतं पापण्यांवर. केसांच्या काळ्या डायचंही तेच: लावला डोक्याला, सुजले डोळे. म्हणजे शेजारच्या भांडणात आपलं कौल फुटावं तसं. मी स्वतः तीन आठवडे क्रीमला दोष देत होते आणि त्याच तीन आठवड्यांत नणंदेच्या लग्नातली लाल नखं मिरवत होते. नखं पुसली, निम्मी चुरचुर गेली. चेहऱ्याचा साबण बंद केला, आणखी पाव गेली. उरलेल्या पावासाठी ही मार्गदर्शिका.

घरातल्या कैलास जीवनकडे वळणारा हात इथंच थांबवावा. मराठी घरात ते भाजण्यापासून भेगांपर्यंत सगळ्याला चालतं, पण त्यात कापूर असतो, आणि कापूर डोळ्यांजवळ नेल्यास जे होतं ते आरतीच्या ताटावर वाकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

एका ट्यूबबद्दल मात्र चेष्टा बाजूला ठेवून सांगते. 'चार दिवसांत फरक' असं कोणी हळू आवाजात म्हणून बिनखोक्याची ट्यूब पुढं केली, तर मागं बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव आहे का ते बघा. ही स्टिरॉइडं आहेत. फरक पडतो, चार दिवसांतच पडतो, म्हणूनच तर ती खपतात. पण डोळ्यांजवळ महिनोन्महिने लावली तर कातडी आणखी पातळ होते, आणि डोळ्याच्या आतला दाब वाढून काचबिंदूपर्यंत गोष्ट जाऊ शकते. 2018 पासून असली क्रीमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्यानं बंदी आहे. लग्न ठरलेल्या मुली ती गोरं होण्यासाठी चेहऱ्याला चोळतात, आणि लग्नाचा अल्बम बघताना सासरचे विचारतात की मुलीचे गाल एवढे लाल कसे.

पायरी... मोजणी इथं थोडी घसरली आहे. पुढची पायरी: अकोल्याला जाऊन त्वचेच्या डॉक्टरांना दाखवणे. सकाळच्या गाडीनं जावं, दुपारपर्यंत बाकावर बसावं. इतकं बसून मला मिळालेला सल्ला दोन ओळींचा होता: तोंड धुतल्यावर पुसून कोरडं करू नका, ओलसर असतानाच साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा आणि रात्री त्यावर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवा. मी विचारलं, म्हणजे व्हॅसलीन? डॉक्टर म्हणाले, हो. मी विचारलं, दुसरं काही नाही? ते म्हणाले, दुसरं हवंय का?

हवं होतं. दीडशे रुपये तिकिटाला घालवल्यावर व्हॅसलीन ऐकायला कोणाला आवडेल? पण सल्ल्यामागचा विचार शेतकऱ्याच्या घरात लगेच पटतो. ग्लिसरीन आणि ते काचेचं ॲसिड हवेतलं पाणी ओढतात. आमच्या उन्हाळ्यात हवेत पाणीच नसतं, मग ती बिचारी कातडीच्या खालच्या थरातलंच वर ओढतात आणि वाऱ्यावर सोडतात. ठिबक टाकलं पण आच्छादन केलं नाही, तर दुपारपर्यंत वाफा कोरडा तो कोरडाच. पेट्रोलियम जेली म्हणजे आच्छादन. तिचा जन्मही बाईच्या टेबलावर झालेला नाही. अमेरिकेत तेलविहिरींच्या पंपांच्या दांड्यांवर जमणारा काळपट चिकटा कामगार कापल्या-भाजल्यावर चोळत. रॉबर्ट चेसब्रो नावाच्या रसायनज्ञानं तो शुद्ध केला आणि 1872 मध्ये पेटंट घेतलं. जेली अनामिकेनं लावावी, तिच्यात जोर कमी असतो. देवाला गंध लावतो तेच बोट, तोच हात. पापणीच्या कडेला नाही, डोळ्याच्या खोबणीचं हाड लागतं तिथवरच. थर रोज जाड झाला तर हळूहळू डोळ्यांखाली पांढरे बारीक मणी उठू शकतात आणि नवी मार्गदर्शिका लिहावी लागते.

हे सगळं घरी सांगितल्यावर सासूबाई उठल्या आणि माळ्यावरून तांब्याची परात काढायला लावली. त्या म्हणाल्या, "तेलाच्या विहिरीतलं चालते, अन् घरचं तूप नाई चालत?"

ही शेवटची पायरी. शतधौत घृत हे आयुर्वेदातलं जुनं प्रकरण. कृती सोपी: गाईचं चांगलं तूप तांब्याच्या परातीत घ्यायचं, गार पाणी घालायचं, तळहातानं फेटायचं, पाणी ओतून टाकायचं. एकूण शंभर वेळा. हळूहळू तुपाचा पिवळेपणा जातो, वास जवळजवळ जातो, दाणा मोडतो, तुपात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब अडकून राहतात आणि लोण्याहून हलकं, पांढरंशुभ्र क्रीम तयार होतं. कारखान्यातल्या क्रीमची करामतही हीच, तिथं फेटायला यंत्र असतं आणि इथं सून. हेही आधी कोपराला लावून बघायचं, थोडंच करायचं आणि फ्रीजमध्ये ठेवायचं. दिवस हिवाळ्यातला निवडावा, आणि तोही नळाला पाणी येईल असा. शंभर पाणी म्हणजे शंभर पाणी. ओतलेलं पाणी तुळशीला घालू नये, मुंग्या येतात.

मी रविवारी सकाळी बसले. तिसाव्या पाण्याला मनगट बोलू लागलं, पन्नासाव्याला खांदा. साठाच्या पुढं तूप कापसासारखं दिसायला लागलं आणि मला पहिल्यांदा वाटलं की 599 रुपये वाचले. तेवढ्यात शाळेतून फोन आला. मुलीनं तो माझ्या कानाला लावून धरला.

"मॅडम, चौथीचा पट किती?"

"अठ्ठावीस."

फोन ठेवला. सासूबाई उंबऱ्यावर बसून पाहत होत्या.

"किती झाले वो?"

"अठ्ठावीस."

त्यांनी परातीत वाकून पाहिलं. "अठ्ठावीसचं तूप असं दिसते काय?"

"मग त्रेसष्ट असतील."

"असतील म्हंजे?"

मी गप्प बसले. त्यांनी गडवा उचलला, गार पाणी परातीत ओतलं आणि म्हणाल्या, "एक."